पाटीवर नाव कुणाचं?

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर पुरुषांचं काम. विषय आहे दुकानाच्या नोंदणीचा. बाजारात ज्याला सगळे 'गुमास्ता' म्हणतात, तो कागद. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण मागच्या माघात आम्ही काही जणी खेट्यांच्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावर गेलो आणि तिथं एका दुकानापाशी हा विषय आम्हाला चिकटला.

पायऱ्यांच्या बाजूला एक मावशी खोबऱ्याच्या वाट्या रचत बसल्या होत्या. पुढं गुलालाची पोती, नारळ, दवण्याच्या जुड्या, पेढ्यांचे खोके. आम्ही नारळ घेतला आणि सहज विचारलं, "मावशी, दुकान कुणाचं?"

"आमच्या मालकांचं."

"मालक कुठं आहेत?"

"रानात. ते हिकडं कुठं येत्यात? लगीन होऊन आल्यापास्नं मीच हितं बसतोय की."

आता गंमत बघा. आपल्याकडं 'मालक' म्हटलं की नवराही आणि दुकानाचा धनीही. दोन्हीला एकच शब्द. आणि 'मालकीण' म्हटलं की पुष्कळदा मालकाची बायको, एवढाच अर्थ होतो. माल भरायचा तिनं, भाव करायचा तिनं, उधारी लक्षात ठेवायची तिनं, यात्रेत रात्र रात्र जागायचं तिनं. पण दुकान कुणाचं विचारलं, तर तोंडातून 'मालकांचं' येतं. भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावरही मालकांचंच नाव. खाली उतरताना आम्ही ठरवलं की हा कागद मुळात आला कुठून, कुणासाठी आला आणि त्यात बाई कुठं आहे, हे शोधायचं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी डोंगराचंच बघू. सरकारदरबारी या गावाचं नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. मूळचं लहान देऊळ कराडकडच्या किवळ गावच्या नावजी साया यांनी बांधलं असं सांगतात. आज आपण बघतो ते मोठं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलं. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी, आणि रामलिंगाचं १७८० मध्ये मालजी निळम पन्हाळकर यांनी. बांधणाऱ्यांची नावं अशी सालासकट लिहून ठेवलेली आहेत. पण देऊळ आहे तिथं नारळवाला आहे, गुलालवाला आहे, दवणा विकणारी बाई आहे. पिढ्यान् पिढ्या डोंगर या लोकांच्या जिवावर चालला. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

जुन्या काळी दुकानांची मोजदाद होत नव्हती असं नाही. मराठेशाहीत पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळायचा. शेटे-महाजन बाजाराची व्यवस्था बघायचे. दुकानदार, तेली, कोष्टी, सोनार यांच्याकडून मोहतर्फा नावाचा कर घेतला जायचा. म्हणजे दुकान वहीत चढायचं ते पट्टी वसूल करायला. दुकानात राबणाऱ्या माणसाला किती तास उभं राहावं लागतं, त्याला सुट्टी आहे का, हे विचारायला ती वही नव्हती.

दुकानाला आणि दुकानदाराला मान मिळणं म्हणजे काय, हे कोल्हापूरनं एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार वाढवला, हे आपल्याला माहीत असतं. त्याहून मोठी गोष्ट गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची. गंगाराम दलित समाजातले, सरकारी पागेत नोकरीला. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे आणि बरोबरच्या मोठमोठ्या लोकांनाही पाजायचे. हे दुकान या माणसाचं आहे, आणि चारचौघांत मी ते मानतो, असं राजानं सांगितलं. नोंदणीच्या कागदाकडून आपल्याला हवं असतं ते हेच. फक्त ते राजाच्या मर्जीवर नको, कायद्यानं हवं.

आता 'गुमास्ता' या शब्दाकडं येऊ. शब्द फारसीतून आलेला. नेमलेला माणूस, दुसऱ्याच्या वतीनं काम बघणारा. मराठीत पेढीवरच्या, दुकानातल्या कारकुनाला, नोकराला गुमास्ता म्हणू लागले. म्हणजे गंमत अशी की आपण ज्या कागदाला मालकाचा कागद समजतो, त्याचं नाव नोकरावरून पडलं आहे. कारण तो कायदा मुळात नोकरासाठी झाला.

मुंबईसारख्या शहरात दुकानातल्या नोकराचं जिणं अवघड होतं. सकाळी फळ्या काढायच्या, रात्री उशिरा लावायच्या, आणि पुष्कळांनी त्याच दुकानात अंग टाकायचं. गिरणीतल्या कामगारांसाठी निदान लढा उभा राहिला. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्यांची एक मोठी मागणी म्हणजे आठवड्यातून एक दिवस सुट्टी. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत महालक्ष्मीला मोठी सभा झाली. हजारो कामगार आले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, मैत्रिणींनो! जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी त्या वेळी मांडलं होतं.

आणि रविवार जोतिबाचाही वार. म्हणून डोंगरावर उलटं चित्र दिसतं. ज्या रविवारी खालच्या जगाला सुट्टी, त्याच रविवारी डोंगरावरच्या बाईचं काम सगळ्यात जास्त. सुट्टी मिळालेला माणूस देवाला येतो, आणि त्याला नारळ द्यायला ती पहाटेपासून बसलेली असते. तिची सुट्टी कोणत्या वारी, हे तिलाही कुणी विचारलेलं नसतं.

गिरणीचं झालं, दुकानाचं राहिलं होतं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात निवडणूक होऊन बाळ गंगाधर खेर यांचं काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. त्यांच्या काळात १९३९ मध्ये मुंबई दुकाने व आस्थापना कायदा झाला. देशातला या तऱ्हेचा हा पहिलाच कायदा. १९४० पासून तो लागू झाला. दुकान, हॉटेल, कचेरी, नाटकगृह यांत काम करणाऱ्यांचे तास ठरले, आठवड्याची सुट्टी ठरली. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी १९४८ चा जास्त भरभक्कम कायदा आला आणि जानेवारी १९४९ मध्ये लागू झाला. दुकानात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. पाच तास झाले की विसावा. दुकानाची नोंद करायची आणि तो दाखला दर्शनी भागात लावायचा. हाच तो 'गुमास्ता परवाना'.

त्या वेळी आपलं कोल्हापूर कुठं होतं? कोल्हापूर तेव्हा अजून संस्थान होतं. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे मुंबईचा कायदा लागू झाला आणि पुढच्या दोन महिन्यांत आपण मुंबई राज्यात गेलो. पण हा कायदा आधी शहरांचा होता. कोणत्या गावांना लागू, याची यादी असायची, आणि सरकार नवी गावं त्यात घालायचं. थोड्या दिवसांपुरत्या भरणाऱ्या जत्रा-उत्सवांच्या बाजाराला त्यातून सवलत होती. म्हणजे चैत्र यात्रेला पोटापुरतं दुकान मांडणारी बाई या कायद्याच्या नजरेत येत नव्हती.

आता या जुन्या कायद्यात बाई कुठं आहे ते बघा. आम्हाला सगळ्यात बोचलं ते इथं.

त्या कायद्यात नोकर कोण, याची व्याख्या होती. मालकाच्या घरातलं माणूस त्या व्याख्येत येत नव्हतं. म्हणजे दुकानदाराची बायको, सून, मुलगी दिवसभर गल्ल्यावर बसली तरी ती नोकर नाही. तिचे तास मोजायचे नाहीत, तिच्या पगाराचा, रजेचा प्रश्न येत नाही. नोंदणीच्या अर्जात घरातली किती माणसं दुकानात काम करतात ते लिहायची जागा होती. तिथं तिचं नाव आणि मालकाशी नातं लिहिलं जायचं. पत्नी. सून. मुलगी. पण त्याच कायद्यात दुसरंही कलम होतं. रात्री ठरलेल्या वेळेनंतर बाईनं दुकानात काम करायचं नाही, मग ती मालकाच्या घरातली का असेना. लहान मुलाचंही तसंच. पोटचं पोर असलं तरी कामाला ठेवायचं नाही.

मुलाचं कलम योग्यच होतं. बाईचंही काळजीपोटी केलं असेल, नाही म्हणत नाही. पण नीट विचार केला तर काय दिसतं? बाईला घरी पाठवायची वेळ आली तेव्हा कायद्याला ती दिसली. तिच्या कामाचा हिशेब करायची वेळ आली तेव्हा ती दिसली नाही. आणि मालकाच्या रकान्यात तिचं नाव घालायला कायद्यानं कधीच मनाई केली नव्हती. ते नाव घातलं नाही, ते आपण. घरात कुणाला सुचलं नाही, आणि आपणही मागितलं नाही.

नाव नसण्याची किंमत काय, ते मुंबईतल्या खाणावळवाल्या बायकांनी भोगलं आहे. गिरण्यांत आपल्या कोल्हापूर, सातारा, कोकणातली हजारो माणसं कामाला होती. बायकामुलं गावाकडं. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका चाळीतल्या एकेका खोलीत खाणावळ चालवायच्या. दिवसाला पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक, वाण्याकडं उधारी, सावकाराचं व्याज. गिरणीतल्या कामगाराचं नाव हजेरीपटावर होतं. त्याला जेवू घालणारीचं कुठंच नव्हतं. म्हणून बँक तिला दारात उभी करीना. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र केलं. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पहिल्या खेपेला चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. हे चौदा अर्ज म्हणजे चौदा बायांनी 'हा धंदा माझा आहे' असं पहिल्यांदा कागदावर लिहून देणं होतं. त्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९७५ ला, महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं 'माविम', स्थापन झालं. आज आपले बचत गट त्याच वाटेनं पुढं आलेले आहेत.

आता थोडं लांब जाऊ, पण विषय तोच. इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये एक कायदा झाला होता, तो फक्त बसण्याचा. मोठ्या दुकानांत मुली दिवसभर उभ्या राहायच्या, पाय सुजायचे. तेव्हा तीन बायांमागं एक तरी बसायची जागा ठेवलीच पाहिजे असा नियम केला. वाटेल, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. पण आपल्या देशात केरळमध्ये, कोळिकोडच्या कापडदुकानांत बायांना दिवसभर बसू देत नव्हते. शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी दुकानातल्या बायांना जोडून 'पेंकूट्टू' नावाची संघटना केली. त्या शब्दाचा अर्थ बायांची सोबत. आधी त्यांनी बाजारात बायांसाठी संडास मागितले, मग बसायचा हक्क. २०१८ मध्ये केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायची सोय सक्तीची केली. पुढं २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केली. इंग्लंडच्या कायद्यापासून केरळच्या कायद्यापर्यंत ११९ वर्षं गेली. आणि तो बदल घडवला कुणी मोठ्या पुढाऱ्यानं नव्हे, दुकानात राबणाऱ्या बायांनी.

आपल्या महाराष्ट्रात १९४८ चा कायदा जवळजवळ सत्तर वर्षं चालला. मग २०१७ मध्ये नवा कायदा आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. हा सगळ्या राज्यासाठी आहे, शहर आणि खेडं असा भेद नाही. तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असतील तर पूर्ण नोंदणी, असं ठरलं. दहापेक्षा कमी असतील, म्हणजे आपल्यासारखी बहुतेक दुकानं, तर परवाना काढायचा नाही, फक्त सरकारला कळवायचं आणि कळवल्याची पावती घ्यायची. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा दहावरून वीसवर न्यायचं ठरवलं. आपल्या छोट्या दुकानाला त्यानं फरक पडत नाही. आपण कळवणाऱ्यांतच.

नव्या कायद्यात बाईच्या रात्रीच्या कामाचंही बदललं. मोठ्या दुकानात बाई रात्री साडेनऊनंतरही काम करू शकते, पण तिची संमती पाहिजे, तिच्या सुरक्षिततेची आणि अब्रूची काळजी मालकानं घेतली पाहिजे, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय केली पाहिजे. पूर्वी तिला थांबवत होते, आता तिला विचारायचं ठरलं. हा मोठा फरक आहे. दुकान आठवडाभर उघडं ठेवता येतं, पण प्रत्येक कामगाराला आठवड्याला एक सुट्टी हवीच. म्हणजे लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी दुकानाची नाही, माणसाची झाली. मात्र हे नियम मोठ्या दुकानांचे. डोंगरावरची आपली मावशी या नियमांत येत नाही. श्रावण षष्ठीला रात्रभर यात्रा चालते, ती रात्रभर बसते, तिला दारापर्यंत सोडायला कुणी बांधील नाही. तिच्यासाठी कायद्यात एवढंच आहे, कळवल्याची पावती. म्हणूनच त्या पावतीवर कुणाचं नाव आहे, याला महत्त्व आहे.

हे सगळं आत्ताच का बोलायचं? कारण मे २०२५ मध्ये राज्य सरकारनं जोतिबा देवस्थानाच्या सुमारे २५९ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. चांगली गोष्ट आहे. रस्ते होतील, भाविकांची सोय होईल. पण कुठंही असा आराखडा आला की आज ना उद्या एक माणूस वही घेऊन दुकानापुढं उभा राहतो आणि विचारतो, "दुकान कुणाचं?" त्या वेळी तीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या बाईनं 'मालकांचं' म्हटलं, तर वहीत तेच चढणार. आणि मालक राहिले नाहीत, किंवा घर वेगळं झालं, किंवा दिरानं म्हटलं की दुकान आमचं, तर तिच्याकडं दाखवायला काय आहे?

आमच्यातल्या एकीवर ही वेळ आलेली आहे. नवरा गेल्यावर ती कर्जासाठी बँकेत गेली. बारा वर्षं किराणा दुकान तिनंच चालवलं होतं. साहेबांनी विचारलं, "धंद्याचा अनुभव किती?" ती म्हणाली बारा वर्षं. साहेब म्हणाले, "कागदावर तर एक दिवसही दिसत नाही." तिनं घरी येऊन तो शब्द आम्हाला सांगितला, तेव्हा कुणालाच काही बोलता आलं नाही. पुढं तिनं स्वतःच्या नावानं सगळं नव्यानं केलं. पण ती बारा वर्षं काही परत लिहून मिळाली नाहीत.

म्हणून आता कामाचं बोलू. दुकान सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत कळवायचं असतं. हे काम कामगार विभागाच्या संकेतस्थळावर होतं. जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात करून घेता येतं. आधार, फोटो, दुकानाचा पत्ता, दुकानाचा फोटो आणि स्वयंघोषणा बरोबर न्या. अर्जात मालकाच्या नावाचा रकाना येईल तिथं थांबा. दुकान खरोखर तुम्ही चालवत असाल, तर तिथं तुमचं नाव, आधारवर आहे तसंच, लिहायला सांगा. केंद्रावरचा मुलगा सवयीनं "नवऱ्याचं नाव सांगा" म्हणेल. त्याला सांगा, "बाळा, दुकान माझं आहे." आधीच नवऱ्याच्या नावानं कागद असेल, तर घरात बोलून बदल कळवता येतो.

खायचा माल विकत असाल, पेढे, लाडू, चटणी, पापड, तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. तीही आपल्याच नावानं. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला सरकारी फी नाही. कुणी हजार-दोन हजार मागितले तर तो त्याचा धंदा आहे, सरकारचा नव्हे. यात्रेपुरतं दुकान मांडणाऱ्यांनी ग्रामपंचायतीची जागेची पावती कुणाच्या नावानं फाडली जाते ते बघायचं आणि दर वर्षीच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवायच्या. अशा दहा पावत्या म्हणजे दहा वर्षं आपण तिथं होतो, याचा पुरावा. आणि पाटी. २०२२ पासून लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची आहे. नवी पाटी रंगवायचीच आहे, तर खाली मालकिणीचं नावही रंगवून घ्या. रंगाला काही जास्त पैसे पडत नाहीत.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर आम्ही खोटी आशा लावल्यासारखं होईल. पहिली, ही पावती म्हणजे जागेचा हक्क नाही. दुकानाची जागा अतिक्रमणात असेल तर या कागदानं ती कायदेशीर होत नाही. धंदा कोण करतं, एवढंच हा कागद सांगतो. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. नुसतं नाव लावून गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडं राहिली, तर कर्ज आपल्या डोक्यावर आणि पैसा भलत्याच्या हातात, असंही होतं. आपल्या गटांत अशी उदाहरणं आहेत, तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणून नाव लावताना हिशेबाची वहीही आपल्या हातात घ्या. खातं आपलं, सही आपली, वही आपली. तरच नावाला अर्थ.

आणि एक, स्वतःला मालकीण म्हणवून घेणार असू, तर मालकिणीचं कर्तव्यही आलं. दुकानात एखादी मुलगी कामाला ठेवली असेल तर तिला बसायला स्टूल द्या. तिला आठवड्याची सुट्टी द्या. चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवू नका. आपलं लेकरू शाळा सुटल्यावर जरा हाताखाली आलं तर चालतं, पण शाळा बुडवून नाही. आपल्यावर जे झालं ते आपण दुसरीवर करायचं नाही.

खेटे संपायच्या आधी आम्ही परत एकदा डोंगरावर गेलो होतो. मावशी तिथंच होत्या. आम्ही त्यांना हे सगळं सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. त्यांनी ऐकलं, गिऱ्हाइकाला सुटे दिले, आणि म्हणाल्या, "मालकांस्नी इच्यारते."

आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "इच्यारते म्हंजे, सांगते."

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. गटातल्या ज्या ज्या जणी दुकान, गाडा, गिरणी, शिवणयंत्र, दुधाचा धंदा चालवतात, त्यांची यादी करा. प्रत्येकीपुढं लिहा, काम कोण करतं आणि कागदावर नाव कुणाचं. दोन रकाने पुरेत. मग ती यादी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचा. पुढं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल. सुचलं की आम्हालाही कळवा, आपण ते रेडिओवर वाचून दाखवू. नावासकट.

जोतिबाच्या नावानं चांगभलं.